गणित, संख्याशास्त्र आणि सॉफ्टवेअरसाठी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांनीच चालवलेले मदतीचे टेबल हवे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गोव्यात २०२३-२४ मध्ये चार वर्षांच्या पदवीला दाखल झालेली पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये चौथ्या वर्षात असेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण असलेल्यांना त्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प घेता येतो. म्हणजे समाजशास्त्र, वाणिज्य, भूगोल, प्राणिशास्त्र घेतलेल्या मुलांचीही प्रश्नावली, तक्ते, काय-वर्ग चाचणी (गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना, हे तपासणारी) आणि आलेख यांच्याशी गाठ पडणार. शिकवणारे प्राध्यापक आहेत, संगणक कक्षही आहेत. मात्र दुपारी लॅपटॉप उघडून ‘हे इथे अडलंय’ असे संकोच न करता सांगता येईल, अशी जागा बहुतेक ठिकाणी नाही. मग मुले थेट ‘डेटा अ‍ॅनालिसिस करून मिळेल’ म्हणणाऱ्यांकडे जातात. तिथून तक्ते मिळतात, पण वायवात त्यांतल्या एकाही आकड्याचा अर्थ सांगता येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी चालवलेले मदतीचे टेबल प्रत्येक महाविद्यालयात असावे आणि ते कसे चालवावे, एवढ्यापुरते हे पत्र आहे.

मुले अडतात ती ठिकाणे फार लहान असतात. कॅल्क्युलेटरवर साइन ३० चे उत्तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ आले, तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे, बाकी काही बिघडलेले नाही. ४, ६, ८, १०, १२ या पाच संख्या घ्या. सरासरी ८, फरकांच्या वर्गांची बेरीज ४०. ती ५ ने भागून वर्गमूळ काढले तर प्रमाण विचलन २.८३ येते, ४ ने भागले तर ३.१६. पहिले संपूर्ण समष्टीचे, दुसरे नमुन्यावरून समष्टीसाठी केलेले अनुमान. एक्सेलमध्ये दोन्ही सूत्रे आहेत, शेवटी ‘पी’ आहे की ‘एस’ एवढाच फरक. आर ही भाषा ४ ने भागते. पायथन भाषेच्या लायब्रऱ्यांपैकी नमपाय मुळात ५ ने भागते आणि पांडाज ४ ने. एकाच बाकावरच्या तिघांची उत्तरे जुळत नाहीत आणि प्रत्येकाला वाटते की आपलेच चुकले. हे ज्याने गेल्याच वर्षी सोसले तो दोन मिनिटांत सांगतो. वीस वर्षे शिकवणाऱ्याला कधी कधी हा प्रश्न पडू शकतो हेच आठवत नाही.

काय-वर्ग चाचणीत तर निष्कर्षच उलटतो. समजा २० मुलांपैकी १२ आणि २० मुलींपैकी ८ जणी ‘होय’ म्हणाल्या. तक्त्यात १२, ८, ८, १२ घातले, तर प्रत्येक चौकटीत अपेक्षित संख्या १० आणि काय-वर्ग १.६ येतो. एका स्वातंत्र्यमात्रेसाठी ५ टक्के पातळीची मर्यादा ३.८४ आहे, म्हणजे मुलगे आणि मुली यांच्यात फरक आहे असे या माहितीवरून म्हणता येत नाही. आता तीच माहिती टक्क्यांत घाला: ६०, ४०, ४०, ६०. काय-वर्ग ८ येतो आणि फरक ‘सिद्ध’ होतो! गट २० जणांचा असून चाचणीला तो १०० जणांचा वाटला, म्हणून उत्तर पाचपट झाले. चाचणीला मोजलेली डोकी लागतात, टक्के नव्हेत. ही चूक प्रकल्पांच्या अहवालांत इतक्या सहज घुसते, कारण गूगल फॉर्म निकाल देतो तेच मुळी टक्क्यांच्या गोल चित्रात. त्यातही एक मेख आहे. हाच तक्ता आरमध्ये घातला तर उत्तर १.६ न येता ०.९ येते, कारण दोन ओळी-दोन स्तंभांच्या तक्त्याला आर येट्सची दुरुस्ती, म्हणजे उत्तर थोडे कमी करणारी सुधारणा, आपोआप लावते. वहीतले उत्तर बरोबर, संगणकाचेही बरोबर. दुरुस्ती बंद करण्याचा पर्याय त्याच आज्ञेत आहे, पण तो आहे हे कुणीतरी सांगावे लागते. अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी असेल तर ही चाचणी मुळातच डळमळीत होते. तिथे गट एकत्र करायचे की फिशरची चाचणी वापरायची, हा मात्र प्राध्यापकांचा प्रश्न. टेबलावरच्या विद्यार्थ्याने तो तिकडेच पाठवावा.

एक्सेलचा आणखी एक छळ म्हणजे तारखा. प्रश्नावलीत ‘महिन्यातून किती वेळा’ या प्रश्नाला ‘५-१०’ असा इंग्रजी आकड्यांत पर्याय ठेवला, तर उत्तरांची फाइल एक्सेलमध्ये उघडताच त्याची तारीख होते. घाबरून तो स्तंभ ‘टेक्स्ट’ केला, की तिथे पाच आकडी संख्या दिसू लागते, कारण एक्सेल तारीख दिवसांच्या मोजणीत साठवते. इतक्या उशिरा मागे फिरता येत नाही, मूळ फाइल ‘डेटा’ टॅबमधून पुन्हा आणून तो स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ म्हणून निवडावा लागतो. त्याहून सोपे म्हणजे फॉर्म बनवतानाच डॅश टाळून ‘५ ते १०’ लिहावे. याच खोडीमुळे जनुकांची नावे तारखा होऊ लागली आणि नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’ने सुरू होणारी जनुकांची नावे बदलली. एक्सेलपुढे जिथे जीवशास्त्रज्ञांनी हात टेकले, तिथे आपल्या मुलांनी वरमायचे कारण नाही.

गोव्याची माहिती घेऊन काम करणाऱ्यांना तालुक्यांचा फटका हमखास बसतो. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांत ११ तालुके आहेत, आजच्या यादीत धारबांदोडा धरून १२. दोन तक्ते जोडले की धारबांदोड्याची ओळ रिकामी येते, आणि सांगे व फोंड्याचे आकडे तर गुपचूप चुकतात, कारण जुन्या तक्त्यात त्यांची हद्द वेगळी होती. शिवाय इंग्रजी स्पेलिंग: सत्तरीत एक टी की दोन, सासष्टीचे स्पेलिंग एका तक्त्यात एक आणि दुसऱ्यात दुसरे. नावाच्या शेवटी राहिलेली एक रिकामी जागासुद्धा जोडणी तोडते आणि डोळ्यांना दिसत नाही. जोडण्याआधी जादा रिकाम्या जागा काढणारे ‘ट्रिम’ चालवा, तालुक्यांना क्रमांक द्या आणि नावाऐवजी क्रमांकावर जोडा. जोडून झाल्यावर ओळी मोजा. ओळी वाढल्या असतील तर एखादे नाव दुसऱ्या तक्त्यात दोनदा आहे.

निव्वळ गणितातले अडणे वेगळ्या जातीचे. पहिल्या वर्षाला कलनात अडलेला विद्यार्थी पुष्कळदा कलनात अडलेलाच नसतो. एक भागिले ‘एक्स वर्ग उणे एक’ याचे संकलन जमत नाही, कारण आंशिक अपूर्णांक जमत नाहीत, आणि ते जमत नाहीत कारण छेदाचे अवयव पाडायचे सुचत नाही. एक्स वर्ग अधिक ९ याचे वर्गमूळ ‘एक्स अधिक ३’ लिहिणाऱ्याला पुढचे दहा नियम सांगून उपयोग नाही. एक्सच्या जागी ४ घालायला सांगा: एकीकडे ५ येतात, दुसरीकडे ७. त्याचे त्यालाच कळते. अर्थशास्त्रात २० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेलेला दर ‘५ टक्क्यांनी वाढला’ असे लिहिले जाते, वाढ असते ५ टक्केबिंदूंची म्हणजे २५ टक्क्यांची. टेबलावरच्या मदतनिसाने प्रश्न सोडवून देऊ नये. दोन पायऱ्या मागे जाऊन कुठली कडी निसटली ती शोधावी. आणि ते मराठीत किंवा कोकणीत व्हावे, कारण पेडणे, सत्तरी, डिचोलीतल्या कितीतरी मुलांचे अंश-छेद मराठी शाळेत पक्के झालेले असतात आणि पुढचे सगळे इंग्रजीत आलेले असते. बटणांची आणि आज्ञांची नावे मात्र पडद्यावर दिसतात तशीच ठेवावीत.

सॉफ्टवेअर बसवण्याचे तर वेगळेच. आर चालवायची खिडकी असलेले आरस्टुडिओ बसवले, पण आर बसवलेच नाही, ही पहिल्या आठवड्यातली सर्वांत नेहमीची तक्रार. फाइलचा पत्ता विंडोजमधून जसाच्या तसा चिकटवला की आर तो नाकारते, कारण उलट्या तिरप्या रेघेला तिथे निराळा अर्थ आहे, ती सरळ तिरपी करावी लागते. ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर वनड्राइव्हवर गेले असेल तर आरची पॅकेजे बसताना अर्ध्यावर अडखळू शकतात. संगणक कक्षातली यंत्रे रोज बंद करताना पूर्ववत होत असतील तर काल बसवलेले आज नसते. ते काम कक्ष सांभाळणाऱ्याकडून सत्राच्या आधीच करून घ्यायला हवे. पायथनचा कोड तुकड्यांत चालवणाऱ्या जुपिटरमधले खाने वरखाली चालवले की दिसणारे उत्तर आणि दिसणारा कोड यांचा मेळ राहत नाही, सगळे नव्याने सुरू करून वरून खाली चालवणे हाच उपाय. टेबलाच्या खणात एक पेनड्राइव्ह असावा, त्यात चालू आवृत्तीचे आर, आरस्टुडिओ, पायथन, लिब्रेऑफिस आणि जामोवी. एसपीएसएस या विकतच्या सांख्यिकी सॉफ्टवेअरची चोरटी प्रत शोधत बसण्यापेक्षा जामोवी किंवा जॅस्प फुकट आहेत आणि पदवीच्या प्रकल्पाला पुरेसे आहेत. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठी आवाजातही मिळतात. एकटे बसून पाहिले की ते अर्ध्यावर सुटतात, शेजारी कुणी असेल तर पुरे होतात.

आता टेबल चालवायचे कसे ते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे त्याला ‘कच्च्या मुलांचा वर्ग’ म्हणणे. तसे म्हटले की ज्याला गरज आहे तोच येत नाही. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत १९७३ मध्ये ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ सुरू झाले तेव्हा डिएना मार्टिन यांनी हीच गोष्ट उलटी करून दाखवली: मदत कच्च्या विद्यार्थ्याला जोडायची नाही, अवघड विषयाला जोडायची. तो विषय आधी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पुन्हा तासाला बसतो आणि नंतर सगळ्यांसाठी खुली बैठक घेतो. बर्कले विद्यापीठात युरी ट्राइसमन यांनी सत्तरच्या दशकात पाहिले की कलनात मागे पडणारी कृष्णवर्णीय मुले मन लावून, पण एकेकटी अभ्यास करत होती, तर पुढे असलेली चिनी वंशाची मुले एकमेकांच्या वह्या तपासत होती. त्यांनी गट केले आणि सोपी नव्हे, अधिक अवघड उदाहरणे दिली. इंग्लंडात लफबरो विद्यापीठाचे गणित मदत केंद्र १९९६ पासून आहे, तिथे आधी न ठरवता जाऊन बसता येते. आपल्याकडे नाव साधे ठेवावे, ‘गणित-संगणक टेबल’ वगैरे, आणि पहिल्या येणाऱ्यांत वर्गातली हुशार मुलेही दिसतील असे पाहावे.

वेळ बसच्या वेळापत्रकावर ठरते. सांगे-काणकोणच्या मुलाला चार वाजता या म्हणणे म्हणजे येऊ नको म्हणणे, कारण त्याची कदंब त्याच्यासाठी थांबणार नाही. तास संपून बस येईपर्यंतचा, म्हणजे साधारण साडेबारा ते अडीच हा वेळ सोयीचा. आठवड्याचे चार दिवस, रोज तेच दोन तास, तीच खोली. वार बदलला, खोली बदलली की महिन्याभरात टेबल ओस पडते. एका वेळी दोन मदतनीस असावेत: एक गणित-संख्याशास्त्राचा, एक सॉफ्टवेअरचा. एकाकडे चार-पाचांपेक्षा जास्त आले तर तो व्याख्यान देऊ लागतो, आणि मग टेबलाची ट्युशन होते. खोलीत फळा, दोन एक्स्टेंशन बोर्ड आणि दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या पुरतात. संशोधकांना कोडिंग शिकवणाऱ्या ‘सॉफ्टवेअर कार्पेन्ट्री’च्या कार्यशाळांतली ही युक्ती आहे: अडलेल्याने लॅपटॉपच्या पाठीवर लाल चिठ्ठी लावायची, झालेल्याने हिरवी. हात वर करायला लाजणारा चिठ्ठी लावतो, आणि वाट पाहताना त्याचे हात काम करायला मोकळे राहतात.

मदतनीस निवडताना फक्त गुण पाहू नयेत. ज्याला सगळे एका फटक्यात सुचते तो चांगला मदतनीस होतोच असे नाही. निवडीनंतर आठ तासांचे प्रशिक्षण, दोन शनिवारी चार-चार तास. त्यात शिकवायचे ते असे: आधी तीन प्रश्न विचारायचे. काय करायचे होते? काय केलेस? काय दिसले? दुसऱ्याच्या माउसला आणि कीबोर्डला हात लावायचा नाही, कारण हात लावला की काम होते आणि शिकणे थांबते. पडद्यावरचा इंग्रजी संदेश विद्यार्थ्याला मोठ्याने वाचायला लावायचा. पायथनचा संदेश खालून वाचायचा, शेवटच्या ओळीत नेमकी चूक असते. गणिती मजकूर मांडणाऱ्या लेटेकचा वरून वाचायचा, कारण पहिली चूक खरी आणि पुढच्या पुष्कळशा तिच्या पोटच्या. मोठी फाइल असेल तर पहिल्या पाच ओळी वेगळ्या काढून तेवढ्यावर चालवून पाहायचे. ज्यावर गुण आहेत असा प्रश्न सोडवून द्यायचा नाही, आकडे बदलून तसाच दुसरा घालायचा. ‘मला माहीत नाही, सरांना विचारू’ हे वाक्य सरावात प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घ्यावे, कारण विशीतल्या मुलाला ते सर्वांत जड जाते आणि ते न म्हटल्यानेच चुकीचे ज्ञान पसरते. चॅटबॉटकडून आणलेला कोड टेबलावर चालेल, पण आणणाऱ्याने प्रत्येक ओळ काय करते ते सांगायचे. अस्तित्वातच नसलेले पॅकेज मागणारी ओळ तिथेच पकडली जाते.

टेबलावर एक वही. स्तंभ चारच: तारीख, विषय, कुठे अडले, सुटले की पुढे पाठवले. नाव नाही, रोल नंबर नाही. दर पंधरवड्याला तिची बेरीज विभागाकडे जावी. काय-वर्गात टक्के घालणारे आठ जण एका पंधरवड्यात आले, तर दोष त्या आठांचा नसतो, तासाला दहा मिनिटे तिथे थांबायला हवे होते. प्राध्यापकांना ही वही आवडेलच असे नाही, पण परीक्षेच्या पेपरांपेक्षा ती लवकर बोलते. पहिले तीन-चार आठवडे वही कोरी राहील आणि कुणीतरी टेबल बंद करा म्हणेल. करू नये. चवथीच्या सुट्टीनंतर आणि आयएसएच्या, म्हणजे सत्रांतर्गत चाचणीच्या, आदल्या आठवड्यात खोली भरते. त्या आठवड्यांसाठी आधीपासून तिसरा मदतनीस नेमून ठेवावा, नपेक्षा सुरुवातीचे मोकळे तास तिकडे वळवावेत.

खर्च मोजता येतो. दोन मदतनीस, रोज दोन तास, आठवड्याचे चार दिवस, पंधरा आठवडे: एका सत्राचे २४० तास. तासाला शंभर रुपये धरले तर २४,००० रुपये, वर्षाचे ४८,०००. हे मानधन द्यावे. फुकट काम करणारा चांगला विद्यार्थी दुसऱ्या महिन्यात स्वतःच्या अभ्यासाचे कारण सांगून निघून जातो, आणि त्याला दोषही देता येत नाही. जिथे पैसे नाहीतच तिथे राष्ट्रीय सेवा योजनेच्या वर्षाच्या १२० तासांत हे तास धरता येतील का, हे महाविद्यालयांनी विद्यापीठाशी बोलून पाहावे. कौशल्याचे श्रेयांक त्याला जोडणे हा तिसरा मार्ग, पण त्यात कागदपत्रे इतकी वाढतात की टेबल सुरू व्हायला वर्ष जाते.

सरावासाठी माहिती परदेशातून आणायची गरज नाही. राज्याच्या नियोजन, सांख्यिकी व मूल्यमापन संचालनालयाच्या पुस्तिका आहेत, जनगणनेचे तालुकावार तक्ते आहेत, पावसाचे आकडे आहेत. नाहीतर पाच रुपयांची नाणी आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला काटा घ्या. गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेले गणिती व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी प्राचीन नाणी वजन करून दाखवले, की जितका काळ नाणे हातोहात फिरते तितकी सरासरी घटते आणि वजनांतली तफावत वाढते. जुन्या-नव्या सालांची चाळीस नाणी, दोन गट, सरासरी, प्रमाण विचलन, दोन सरासऱ्यांची तुलना. नाणी मात्र एकाच धातूची आणि एकाच नमुन्याची निवडा, कारण टांकसाळ मध्येच धातू आणि वजन बदलते, आणि मग झीज मोजण्याऐवजी सरकारचा निर्णय मोजला जातो.

शाळांत सहावी ते आठवीला ‘केअर्स’ योजनेखाली कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्यापर्यंत आपण आलो आहोत. ती मुले महाविद्यालयात येण्याआधी तिथे निदान एक टेबल, दोन खुर्च्या आणि ठरलेली वेळ असायला काय हरकत आहे? नव्या वर्षाचे वेळापत्रक जूनमध्ये छापले जाते. त्यात साडेबारा ते अडीचची ओळ घालायची तर मदतनिसांची निवड एप्रिलमध्ये, सत्राच्या शेवटच्या परीक्षेच्या आधी करावी लागेल. मुले एकदा सुट्टीला गेली की हाती लागत नाहीत.

आपला,
संख्याशास्त्राचा एक शिक्षक, फोंडा